बार्शी, भूम, परांडा

१९८७ साली बार्शीत कॅन्सरची नोंदणी सुरू झाली, तेव्हा रुग्ण शोधायचे कुठे हाच पहिला पेच होता. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून चालू होती. इंडियन कॅन्सर सोसायटीची माणसं रुग्णालयांतून फिरत, केसपेपर चाळत, मृत्यूचे दाखले तपासत, आणि त्यातून शहराचा आकडा तयार होई. १९८२ पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हे काम देशपातळीवर हाती घेतलं, तेही आधी मुंबई, बंगळूर आणि मद्रास या शहरांतच. शहरात आजारी माणूस कधी ना कधी कुठल्या तरी दवाखान्याच्या कागदावर येतो. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी आणि त्याला लागून असलेले तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातले भूम-परांडा या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत तो कागदावर येईलच याची खात्री नव्हती. दुखणं अंगावर काढायचं, फारच झालं तर तालुक्याला जाऊन एखादं इंजेक्शन घ्यायचं आणि शेवटी घरीच अंथरूण धरायचं, अशी रीत. माणूस गेला तरी त्याला कॅन्सर होता हे घरच्यांना कळलेलं नसे.

त्यामुळे बार्शीच्या नोंदणीला बसून चालण्यासारखं नव्हतं. तिचे कार्यकर्ते गावोगाव गेले. त्यांनी गावकऱ्यांच्या बैठका घेतल्या, कॅन्सरची सुरुवातीची लक्षणं समजावून सांगितली, कुणाला बरी न होणारी जखम आहे का, गाठ आहे का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातंय का, असं विचारत घरं पालथी घातली. ज्याच्याबद्दल शंका येई त्याला समजावून बार्शीला तपासणीसाठी आणलं जाई. नोंद करण्यासाठी आधी रोग्याशी ओळख करून घ्यावी लागत होती. देशातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी, आणि तिचं सगळं वेगळेपण या पायपिटीत आहे.

या कामामागे बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय होतं. अश्विनी रूरल कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी या संस्थेने ते उभारलं आणि डॉ. भगवान नेने यांनी ते चालवलं. मुंबईहून टाटा स्मारक केंद्राचा आधार होता. कस्तुरी जयंत यांच्यासारख्या साथरोगशास्त्रज्ञ नोंदणीची पद्धत घालून देत होत्या. मोठ्या शहराबाहेर, तालुक्याच्या गावात, किरणोपचार आणि शस्त्रक्रिया होतील असं कॅन्सरचं रुग्णालय असणं ही त्या काळात फार दुर्मिळ गोष्ट होती. ते नसतं तर घरोघर जाऊन रोगी शोधण्याला अर्थ उरला नसता. सापडलेल्या बाईला पाठवायचं कुठे, याचं उत्तर पन्नास मैलांच्या आत हवं.

नोंदी भरू लागल्या तसं एक चित्र ठळक होत गेलं. बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर गर्भाशयमुखाचा होता. गावाकडे त्याला पिशवीचा कॅन्सर म्हणतात. आणि बहुतेक बायका येत त्या फार उशिरा.

या उशिराची कारणं समजायला रोगाचा स्वभाव पाहावा लागतो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका दिवसात होत नाही. मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, संसर्ग झाल्यावर बहुतेक बायकांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. काही जणींमध्ये तो ठाण मांडतो. मग गर्भाशयमुखावरच्या पेशी हळूहळू बदलत जातात, आणि या बदलांचा कॅन्सर व्हायला साधारणपणे दहा-वीस वर्षं लागतात. या मधल्या काळात काहीही दुखत नाही. बदललेला भाग गोठवून किंवा कापून काढला की बाई मोकळी होते, तिची पिशवीही काढावी लागत नाही. लक्षणं सुरू होतात तेव्हा ही संधी बहुधा गेलेली असते. आणि लक्षणं म्हणजे तरी काय? अंगावरून पांढरं जाणं, दुर्गंधी, संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं. यातली एकही गोष्ट नवऱ्याला किंवा सासूला सहज सांगता येत नाही, मग पुरुष डॉक्टरला सांगणं दूरच राहिलं. शेतातलं काम, पोरांची शाळा, घरातल्या म्हाताऱ्यांचं दुखणं, या सगळ्यानंतर बाईच्या स्वतःच्या दुखण्याचा नंबर लागे.

नोंदणीच्या कार्यकर्त्यांनी या बायकांची कुठलीही खास चाचणी केली नव्हती. ते फक्त बोलत होते. तरीही काही वर्षांतच एक बदल आकड्यांत उमटला. सुरुवातीच्या टप्प्यांत रोग कळणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. जयंत, राव, नेने आणि डाले यांनी तो १९९५ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये मांडला. तीन वर्षांनी त्यांनी पुढची गोष्ट दाखवली, की या भागात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून बायका आता अधिक संख्येने वाचू लागल्या आहेत. मला या दोन छोट्या शोधनिबंधांचं मोल त्यानंतरच्या गाजलेल्या संशोधनाइतकंच वाटतं. ना यंत्र, ना नवं औषध. कुणीतरी दारात येऊन, नाव घेऊन, आडपडदा न ठेवता विचारलं आणि उपचाराची जागा जवळ होती, एवढ्यावर बायका लवकर पोहोचू लागल्या.

चाचणीपेक्षा बोलावणं महत्त्वाचं, हा धडा श्रीमंत देशांनाही महाग पडूनच मिळाला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत गर्भाशयमुखाची पॅप चाचणी १९६० च्या दशकापासून उपलब्ध होती. गर्भाशयमुखावरच्या पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या, ही ती चाचणी. वीस वर्षं लाखो काचपट्ट्या तपासल्या गेल्या, पण मृत्यू अपेक्षेइतके कमी झाले नाहीत, कारण ज्या बायका आपणहून दवाखान्यात येत त्यांचीच पुन्हा पुन्हा तपासणी होई आणि सर्वाधिक धोका असलेल्या बायका बाहेरच राहत. १९८८ साली तिथे संगणकावरच्या यादीवरून प्रत्येक बाईला ठरावीक मुदतीने पत्र पाठवून बोलावायला सुरुवात झाली. त्यानंतर मृत्यूंची रेघ खाली उतरू लागली.

भारताला ती पॅप चाचणी जशीच्या तशी उचलता येण्यासारखी नव्हती. काचपट्टी वाचायला प्रशिक्षित डोळे लागतात, प्रयोगशाळा लागते, अहवाल परत गावात पोहोचवावा लागतो, आणि तोवर बाई पुन्हा कामावर निघून गेलेली असते. मग पर्याय कोणता? एक अगदी साधा होता. गर्भाशयमुखावर अ‍ॅसेटिक आम्लाचं चार टक्क्यांचं द्रावण लावायचं, म्हणजे स्वयंपाकातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच. मिनिटभर थांबायचं. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो आणि नर्सला उघड्या डोळ्यांनी दिसतो. या तपासणीला व्हीआयए म्हणतात. दुसरा पर्याय होता विषाणूचीच चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखाजवळचा नमुना घेऊन त्यात एचपीव्हीचा डीएनए आहे का ते पाहणं. ती नवी होती, महाग होती, आणि ती खरोखर जीव वाचवते का हे जगात कुठेही मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं नव्हतं.

ते तपासायचं ठरलं उस्मानाबाद जिल्ह्यात. १९९९ च्या अखेरीस काम सुरू झालं. फ्रान्समधल्या लियाँ इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने, टाटाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि कस्तुरी जयंत यांनी त्याची आखणी केली. पैसा बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा होता. जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले. त्यांत तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने गावांच्या गटांची चार भागांत वाटणी झाली. एका भागात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हीआयए. चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायकांना नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे प्रत्यक्षात तपासणी नाहीच.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि त्याची झळ या जिल्ह्यालाही लागली होती. पाण्याचं कायमचं दुर्भिक्ष, कोरडवाहू शेती, कामासाठी बाहेरगावी जाणारी कुटुंबं. अशा ठिकाणी लाखाहून जास्त बायकांशी घरोघर जाऊन बोलायचं, संमती घ्यायची, आतून तपासायचं आणि पुढे वर्षानुवर्षं प्रत्येकीचा माग ठेवायचा, हे काम कागदावर अशक्य वाटतं. ते तडीला गेलं ते बार्शीच्या नोंदणीमुळे. घरोघर जाण्याची सवय तिथे आधीच लागलेली होती. महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी गावात जाऊन बायकांना समजावलं. प्रशिक्षित नर्सबाईंनी तपासणी केली आणि नमुने घेतले. ज्यांच्यात दोष आढळला त्यांचे उपचार मोफत झाले. बोलावलेल्या दर पाच बायकांमागे जवळपास चार जणी आल्या. खेड्यातल्या बायका असल्या तपासणीला येत नाहीत, असं ज्यांना अजूनही वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना नोबेल पारितोषिक मिळून तेव्हा काही महिनेच झाले होते.

एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ बायका दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४. पुढच्या टप्प्याला पोहोचलेले कॅन्सर एचपीव्ही गटात ३९ होते, तपासणीविना असलेल्या गटात ८२. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. कॅन्सरची एकूण संख्या मात्र एचपीव्ही गटात थोडी जास्तच होती, १२७ विरुद्ध ११८, कारण तपासणीने लपलेले रोग आधीच उघडे केले होते. नुसते कॅन्सर मोजले असते तर चाचणी फुकट गेली असं वाटलं असतं. ते कोणत्या टप्प्यावर सापडले आणि त्यातून किती जणी जगल्या, हे पाहिल्यावरच तिचं खरं काम दिसतं.

पॅप आणि व्हीआयए या गटांत मृत्यूंमध्ये ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. पॅप गटात ५४ आणि व्हीआयए गटात ५६ बायका गेल्या. काचपट्टी वाचणाऱ्याचा किंवा नर्सबाईंचा यात दोष काढणं अन्याय होईल. एकदाच केलेल्या तपासणीत माणसाच्या नजरेतून जे निसटतं ते विषाणूच्या चाचणीतून सहसा निसटत नाही, एवढंच त्यातून सिद्ध झालं. चाचणीत विषाणू न सापडलेल्या बाईला पुढची कित्येक वर्षं निर्धास्त राहता येतं. तालुक्याच्या गावी येणं म्हणजे एका दिवसाचा रोज बुडवणं, अशी जिची स्थिती आहे तिच्यासाठी हे वरदानच आहे.

याच सुमाराला मुंबईतही एक मोठा अभ्यास चालू होता. १९९८ पासून टाटा रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखाहून अधिक बायकांना त्यात घेतलं होतं. निम्म्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना प्रशिक्षण देऊन व्हीआयए आणि स्तनांची हाताने तपासणी करायला शिकवलं, आणि दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या. डॉ. शास्त्री यांनी २०१३ साली शिकागोत जाहीर केलेला निकाल असा, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तमिळनाडूत दिंडीगुल जिल्ह्यातही व्हीआयएने मृत्यू कमी झाल्याचं २००७ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. उस्मानाबादमध्ये तीच व्हीआयए फिकी ठरली होती. डोळ्यांनी करायची तपासणी किती उपयोगी पडेल हे ती कोण करतं, त्याच्यावर देखरेख किती आहे आणि ती किती वेळा होते, यावर अवलंबून असतं. स्तनांच्या तपासणीचा निकाल यायला २०२१ उजाडावं लागलं. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले होते, त्याहून तरुण बायकांत मात्र तसा फायदा दिसला नाही.

या अभ्यासांवर एक गंभीर आक्षेप घेतला गेला आणि तो टाळून ही गोष्ट सांगणं मला बरोबर वाटत नाही. अमेरिकन डॉक्टर एरिक सूबा यांनी विचारलं, की पॅप चाचणीने जीव वाचतात हे इतर देशांत दिसलेलं असताना हजारो भारतीय बायकांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजायची गरज काय होती? मुंबई, उस्मानाबाद आणि दिंडीगुल मिळून तपासणी न झालेल्या गटांत १,३८,६२४ बायका होत्या, आणि त्यांपैकी किमान २५४ जणींचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने मृत्यू झाला, असं त्यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये २०१४ साली मांडलं. संशोधकांची बाजू अशी होती, की त्या काळी या भागांत कुठलीच तपासणी होत नव्हती, म्हणजे कुणाकडून काही काढून घेतलेलं नाही, आणि आपल्या परिस्थितीत काय चालेल हे तुलना केल्याशिवाय कळणार नव्हतं. उस्मानाबादचा निकाल पाहिला तर ही बाजू पोकळ नाही. ज्या पॅप चाचणीच्या भरवशावर आक्षेप उभा होता तीच तिथे कमी पडली. पण तिथे तपासणीविना दगावलेल्या त्या ६४ बायका होत्या, त्यांची गावं होती. त्यांच्या मृत्यूतून मिळालेलं ज्ञान वापरलं गेलं तरच या युक्तिवादाला काही किंमत राहते. वापरलं गेलं नाही, तर आक्षेप खरा ठरतो.

मग वापर किती झाला? राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम कागदावर १९७५ पासून होता. २०१० मध्ये मधुमेह, हृदयरोग, पक्षाघात आणि कॅन्सर यांचा एकत्र कार्यक्रम आला. २०१६ साली केंद्र सरकारने तीस ते पासष्ट वयाच्या सर्वांसाठी तपासणीचा आराखडा काढला, त्यात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर धरला. गर्भाशयमुखासाठी चाचणी निवडली ती व्हीआयए, दर पाच वर्षांनी एकदा. ती स्वस्त आहे, प्रयोगशाळा लागत नाही, निकाल तिथल्या तिथे कळतो, हे सगळं खरं. पण मुंबईत ती यशस्वी झाली ती दर दोन वर्षांनी आणि सतत देखरेखीखाली. पाच वर्षांतून एकदा, बाळंतपणं, लसीकरण आणि कुटुंब नियोजन सांभाळणाऱ्या एकट्या नर्सबाईंकडून केलेली व्हीआयए म्हणजे उस्मानाबादमध्ये जे कमी पडलं तेच देशभर पसरवणं होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पहिली चाचणी म्हणून एचपीव्हीची शिफारस केली, आणि तिच्या आधारांत उस्मानाबाद जिल्ह्यातलाच पुरावा होता.

आणि ही दुबळी तपासणी तरी किती जणींपर्यंत गेली? २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तुमची कधी तरी तपासणी झाली आहे का? शंभरात दोन जणींनीही हो म्हटलं नाही. नेमका आकडा १.९ टक्के. स्तनांच्या आणि तोंडाच्या तपासणीसाठी तो ०.९ टक्के होता.

उस्मानाबादला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये दुसरीच गोष्ट उघडकीला आली. ऊसतोडीला जाणाऱ्या हजारो बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्या होत्या, कित्येकींच्या तर तिशी-पस्तिशीत. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त बायकांच्या सरकारी पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या अनेक जणींनी सांगितलं, की पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलो आणि पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल असं डॉक्टर म्हणाले. ज्या रोगाची भीती घालून ही शस्त्रक्रिया विकली गेली, त्याची खात्रीची चाचणी शेजारच्याच जिल्ह्यात दहा वर्षांपूर्वी सिद्ध झाली होती. एका नमुन्यावर बाईला सांगता आलं असतं, की तुला धोका नाही, घरी जा. भीती गावोगाव पोहोचली आणि चाचणी पोहोचली नाही, याचा मला मनस्वी संताप येतो.

बार्शीचं काम तिथेच थांबलं नाही. सप्टेंबर २००९ पासून बार्शी आणि पुण्यासह देशातल्या अनेक केंद्रांवर दहा ते अठरा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस देऊन दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहायला सुरुवात झाली. तेव्हा आंध्रात असलेल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा इथल्या एका वेगळ्याच लसप्रकल्पातल्या मुलींच्या मृत्यूंवरून वादळ उठलं आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशा सगळ्या अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. त्या घडीला सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळालेली होती. अभ्यास फसला असंच तेव्हा वाटलं असेल, पण संशोधकांनी या मुलींचा माग सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं, की एका मात्रेनेही विषाणूच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून जवळपास दोन-तीन मात्रांइतकंच संरक्षण मिळतं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला तो अशाच पुराव्यांवर. गरीब देशांचा लसीचा खर्च त्याने एकदम खाली आला.

त्या अभ्यासातल्या मुली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या तरी त्यांचा पत्ता ठेवला गेला, त्यांना बोलावणं गेलं, त्यांच्या गर्भाशयमुखाची तपासणी झाली. त्यांच्या वर्गात बसणाऱ्या, पण अभ्यासात नसलेल्या मुलींपैकी थोरल्या आता तिशी ओलांडून गेल्या आहेत, म्हणजे २०१६ च्या आराखड्यानुसार त्यांची पहिली तपासणी व्हायची वेळ झाली आहे. तीही एचपीव्हीचीच व्हायला हवी, आणि त्यासाठी आशाताईंच्या हातात गावातल्या तिशीपुढच्या बायकांची नावानिशी यादी, नमुना तपासणारी जवळची प्रयोगशाळा आणि दोष निघालेल्या बाईला पाठवायला बार्शीसारखं रुग्णालय, या तिन्ही गोष्टी लागतील.